पिशाच्च कॅमेऱ्यातच घडव

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझा पटकथेचा खर्डा वाचला. बारा मिनिटांची कृष्णधवल व्हॅम्पायर फिल्म, हाताशी एक कॅमेरा आणि तीन दिवे. एवढ्यात काम नक्की होईल. पण समासात जागोजागी 'हे नंतर एडिटिंगमध्ये करू' असं लिहिलं आहेस, ते आधी खोड. या प्रकारातली भीती टिकते ती जागा खरी असते आणि युक्ती कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्यातच केलेली असते म्हणून.

जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊनं १९२१ साली 'नोस्फेराटू' हा मूक व्हॅम्पायरपट केला, तेव्हा प्राना-फिल्म ही कंपनी नवी होती आणि पैसा बेताचा. छायालेखक फ्रिट्झ आर्नो वागनरकडे एकच कॅमेरा होता, त्यामुळे मूळ निगेटिव्हही एकच. म्हणून निर्णय आधी कागदावर झाले. दृश्यांची रेखाटनं तयार होती आणि नटांच्या हालचालींची लय धरायला मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं यंत्र) लावला जाई. तूही लाव. मिनिटाला ६० ठोके आणि तुझ्या पिशाच्चाचं एक पाऊल दोन ठोक्यांना. बाकी पात्रांची चाल नेहमीची राहू दे. दोन चालींमधला हा फरकच प्रेक्षकाला अस्वस्थ करतो.

त्या काळी बहुतेक जर्मन दिग्दर्शक स्टुडिओत सगळं गाव उभं करत. मुर्नाऊ बाहेर पडला. विस्मारचं बंदर, ल्यूबेकमधली मिठाची जुनी गोदामं, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. त्यातलं पिशाच्च, काउंट ओरलॉक, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून चालतं ते खऱ्या गावातून. जागा ओळखीची असली की तिथे आलेला परका माणूस जास्त खुपतो. तू जुन्या वाड्याचा सेट लावायचा म्हणतोस. तो खर्च वाचव आणि कमानी असलेली खरी जागा शोध. ओरलॉक पुन्हा पुन्हा कमानीखाली उभा दिसतो. वरची गोलाई आणि दोन्ही बाजूंच्या भिंती त्याला उभ्या शवपेटीत घातल्यासारख्या आवळतात. कॅमेरा स्थिर ठेव, कमान बरोबर मध्यभागी घे आणि त्याला समोरून येऊ दे.

आता कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मबद्दल. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू काळी उमटे, निळं आकाश पांढरं पडे, ओठ गडद दिसत. नुसतं रंगाचं सॅच्युरेशन शून्यावर आणून ते रूप मिळत नाही. रंगीत रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) घे आणि कृष्णधवल करताना लाल चॅनल शून्य ठेव. हिरवा ६० टक्के, निळा ४० टक्के इथून सुरुवात कर. इथे दोन अडचणी येतात. पहिली त्वचेची. आपल्या त्वचेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात लालचा वाटा मोठा, त्यामुळे चेहरे अपेक्षेपेक्षा गडद होतात आणि प्रत्येक डाग उठून दिसतो. म्हणून चेहऱ्यासाठी सुमारे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश धर आणि मॉनिटरवर तेच रूपांतर लावूनच बघ. कुंकू काळं दिसेल, लाल काठ काळे होतील. कपडेपट त्या हिशेबानं निवड. दुसरी अडचण दाण्यांची. पिवळट बल्बच्या उजेडात निळं फारच कमी असतं, चॅनल ओढला की चित्र दाणेदार होतं. दिवे डेलाइटचेच, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारेच वापर.

रात्रीची दृश्यं इथेच फसतात. 'नोस्फेराटू'तली रात्र दिवसा चित्रित झाली आहे, आणि प्रेक्षकाला ती रात्र वाटावी म्हणून प्रिंट निळ्या रंगात बुडवली जाई. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, पहाट गुलाबी. म्हणजे हा 'कृष्णधवल' सिनेमा थिएटरात रंगीतच दिसायचा. पुढे रंग नसलेल्या प्रती पसरल्या आणि त्यांत ओरलॉक भर उन्हात हिंडतो असं वाटतं. तू पाहशील ती प्रत टिंटिंगसह, म्हणजे या रंगछटांसह, पुनर्स्थापित केलेलीच असू दे.

तुला निळी छटा नको असेल, तर दिवसाची रात्र करताना सूर्य पात्राच्या मागे किंवा बाजूला ठेव आणि एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप खाली घे. आकाश फ्रेमबाहेर ठेव, कारण लाल चॅनल काढला की ते पांढरं फटक पडतं आणि रात्र तिथेच संपते. आकाश दाखवणं अटळच असेल तर त्या एका शॉटपुरता उलटा हिशेब कर, लाल चॅनल पुढे आण, म्हणजे निळं आकाश काळवंडेल. खिडकीतला कंदील दिसायला हवा असेल तर आत साधी ज्योत पुरणार नाही. एक्स्पोजर खाली आहे, म्हणून तिथे जोरदार बल्ब लपवावा लागतो.

सावलीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ दे. जिन्यानं चढणारी ती सावली आणि नायिका एलेनच्या छातीवर सरकून काळजाशी मूठ आवळणारी ती बोटं, यांत नट दिसतच नाही, तरी सिनेमातली सर्वांत भयंकर गोष्ट तीच आहे. यामागे साधी भूमिती आहे. दिवा हातापासून १ मीटरवर आणि भिंत हातापासून पुढे २ मीटरवर असेल, तर सावली तिप्पट होते. २० सेंटिमीटरचा पंजा ६० सेंटिमीटरचा दिसतो. कडेचा धूसरपणा दिव्याच्या आकारावर ठरतो. याच अंतरांवर २ सेंटिमीटरचा उघडा बल्ब लावलास तर धूसर कड ४ सेंटिमीटरची होईल, बोटं सुटी दिसतील. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारी पेटी) लावलास तर तीच कड १२० सेंटिमीटर होऊन बोटं विरघळून जातील. तुझ्या यादीतलं एलईडी पॅनलही इथे चालणार नाही, अनेक दाण्यांमुळे एकावर एक सावल्या पडतात. फ्रेनेल (भिंगाचा, झोत लहान-मोठा करता येणारा दिवा) असेल तर फोकस फ्लडवर, म्हणजे पसरट झोतावर ठेव, तिथे सावलीची कड जास्त धारदार येते.

जिन्यासाठी दिवा गुडघ्याच्या उंचीवर ठेव, म्हणजे सावली वर ताणली जाईल. नट दिवा आणि भिंत यांच्या मध्ये, पण फ्रेमबाहेर. त्यानं दिव्याकडे तोंड केलं की नाक, पाठीचा बाक, नखं सगळं एका काळ्या ठिपक्यात मिसळतं. म्हणून त्याला दिव्याशी काटकोनात, एका कुशीनं चालव. बोटं फाकलेली आणि पंजा भिंतीला समांतर. भिंत फिकट आणि चकाकी नसलेली हवी, आणि खोलीतला दुसरा प्रत्येक दिवा बंद. सावली राखाडी दिसतेय अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुतेक वेळा पांढऱ्या छतावरून परत येणारा उजेड हेच असतं. छताला काळं कापड लाव.

जहाजावर आजारी खलाशाला ओरलॉक पारदर्शक दिसतो, तो डबल एक्स्पोजर आहे. एकाच फ्रेममध्ये एकदा नटासह आणि एकदा नटाविना असं दोनदा, प्रत्येक वेळी निम्म्या एक्स्पोजरवर चित्रित करायचं. दोन्ही थर मिळून भिंत, पेट्या, फळ्या पूर्ण भरतात. नट मात्र अर्धाच भरतो म्हणून आरपार दिसतो. कॅमेरा केसभर हलला तर भिंतीच दुहेरी दिसतील. ट्रायपॉडला वाळूच्या पिशव्या बांध, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, स्टॅबिलायझर बंद. नटाच्या मागे गडद भाग ठेव. फिकट भिंतीपुढे तो विरून जातो.

ओरलॉकच्या बग्गीची ती खडखडत, तुटक धावणारी चाल कमी वेगानं हँडल फिरवून मिळाली. तू सेकंदाला १२ फ्रेम घे आणि २४ नं दाखव. वेग दुप्पट होईल. शटरचा कोन तोच ठेवलास तर शटर उघडं राहण्याचा काळ दुप्पट होतो, म्हणून लेन्स एक स्टॉप बंद कर. हालचाल अधिक तुटक हवी असेल तर शटर १/४८ सेकंदावरच राहू दे. आणखी एक प्रयोग करून बघ. १२ फ्रेमवर नटाला निम्म्या वेगानं चालायला सांग. पडद्यावर त्याची चाल नेहमीसारखी दिसेल, पण भोवतीचा धूर आणि झाडं अंगावर येतील.

आपोआप सरकणारं शवपेटीचं झाकण म्हणजे फ्रेम-फ्रेमनं केलेलं चित्रीकरण. दादासाहेब फाळक्यांनी रोपाची वाढ दाखवली ती याच जातीच्या युक्तीनं. झाकणाच्या प्रत्येक जागेच्या दोन फ्रेम घे, सेकंदाला बारा जागा होतील. सुरुवातीला एकेक सेंटिमीटर सरकव, मग पाच-पाच. उन्हात करणार असशील तर दहा मिनिटांत उरक. ढग आला की चित्र लुकलुकतं आणि सावल्या सरकलेल्या कळतात.

जंगल पांढरं आणि आकाश काळं दिसतं तो शॉट निगेटिव्हच दाखवून साधलेला आहे. त्यासाठी ढगाळ, पांढरं आकाश निवड. उलटवल्यावर जे काळं दिसायला हवं, ते चित्रित करताना पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं असलं पाहिजे, नाहीतर काळी बग्गी पांढरी होऊन झाडांत हरवते. चेहरा जवळून दाखवू नकोस, आणि तीन-चार सेकंदांवर थांब. त्यापुढे युक्ती ओळखू येते.

ओरलॉक झालेल्या माक्स श्रेकचे दात बघ. सुळे नाहीत, मधले दोन दात उंदरासारखे पुढे आलेले. खांदे वर, कोपरं अंगाला चिकटलेली. तुझ्या नटाला पापणी न लवता राहायची सवय लाव. शॉट दहा सेकंदांपेक्षा मोठा ठेवू नकोस, डोळ्यांत पाणी येतं.

कथेच्या हक्कांचंही बघून घे. प्रानानं ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता सिनेमा केला, नावं तेवढी बदलली. स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला आणि १९२५ साली न्यायालयानं प्रती नष्ट करायचा आदेश दिला. इकडेतिकडे गेलेल्या प्रतींमुळे सिनेमा वाचला. कादंबरी आता सर्वांना खुली आहे, पण तू ज्या अलीकडच्या कथेवरून प्रसंग घेतला आहेस तिच्या लेखकाची लेखी परवानगी आधी मिळव.

पुढच्या आठवड्यात फक्त दोन चाचण्या कर. जिन्यावरची सावली तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि ऑर्थो रूपांतरात नटाचा चेहरा तीन एक्स्पोजरवर. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला दिव्याचं अंतर आणि स्टॉप पाटीवर लिहून दाखव आणि फाइली रूपांतर न करता, रंगीतच पाठव.