फुगलेला पॉवर बँक, भंगारवाला आणि जुना मोबाइल: तुमचे प्रश्न

पॉवर बँक फुगलाय. सुक्या कचऱ्यात टाकला तर चालेल का? (मुलुंड)

अजिबात नको! कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, लिथियमची बॅटरी चेपली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते आणि शेजारी पुठ्ठा नि प्लास्टिक असतंच. चार्जिंग आत्ताच बंद करा. टोचून हवा काढू म्हणाल तर ती हवा नसते, पेटणारा गॅस असतो. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, डबा उन्हात नको आणि गॅसच्या शेगडीजवळ तर नकोच. आणि लवकर ई-कचऱ्याच्या (जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या) रिसायकलरकडे पोचवा, पण आधी फोन करून बॅटरी फुगलीये हे सांगा.

भंगारवाला जुन्या कॉम्प्युटरचे रोख पैसे देतो, मग त्यालाच का नको? (परळ)

भंगारवाल्याला मी नावं ठेवणार नाही, तो दारात येतो, बाकी कोण येतं? पण त्याच्याकडून माल पुढे कुठे जातो ते बघा. बरेचदा तांब्यासाठी वायरी जाळतात, वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिन हे विष असतं, आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, तेही उघड्या हातांनी, आणि उरलेलं अ‍ॅसिड सरळ गटारात. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत तर शिसं असतं. म्हणून तर २०२२ चे ई-कचरा नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे. तेव्हा ब्रँडच्या कस्टमर केअरला बिनधास्त विचारा. नाहीतर सोसायटीतल्या सगळ्यांचा माल एकत्र करा, एका माउससाठी कोणी टेम्पो पाठवत नाही. रिसायकलरकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रजिस्ट्रेशन मागा, दाखवायला कां कूं केलं तर दुसरा बघा. पैसे कमी मिळतील, ते खरंय. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र डीलरलाच द्या, नवीन घेताना जुनीचे पैसे वळते होतात.

मोबाइल द्यायचाय, फोटो आणि बँकेचं काय? (अंधेरी)

बॅकअप घ्या, यूपीआय अ‍ॅप्स आणि गूगल अकाउंटमधून लॉगआउट करा, सिम नि मेमरी कार्ड काढा, मग फॅक्टरी रीसेट. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नुसती फॉरमॅट करून भागत नाही, डेटा परत काढता येतो. ती वेगळी काढून ड्रिलने आरपार भोकं पाडून द्या.

सीएफएल दिवा फुटला तर? (दादर)

आत थोडा पारा असतो. पंखा बंद, खिडक्या उघड्या, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक तुकडे चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. झाडू नका मारू, व्हॅक्यूम तर नकोच.