स्टेथो नंतर, आधी मान बघ

वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगतो. पेशंट आला की लगेच छातीला स्टेथो लावू नकोस, आधी मान बघ. ओपीडीत दादर स्टेशनएवढी गर्दी असली तरी अर्धं मिनिट निघतंच.

उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या खाचेत बोट ठेव, अगदी हलकेच (दाबलंस की खोकला सुरू). श्वासनलिका मध्यावर आहे ना? जुन्या टीबीने फुफ्फुस आक्रसलं असेल तर ती त्याच बाजूला ओढली जाते. छातीत खूप पाणी किंवा हवा साठली असेल तर विरुद्ध बाजूला ढकलली जाते. मुंबईत पहिला प्रकार तुला भरपूर भेटेल. क्रिकॉइड (स्वरयंत्राखालचं कूर्चेचं कडं) आणि ती खाच यांच्यामध्ये एरवी तीन-चार बोटं मावतात. सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) फुगलेल्या छातीत जेमतेम दोन.

शिरा बघताना पेशंटला 45 अंशांत टेकव. शीर फुगलेली पण उडत नाही, वर चेहराही सुजलाय? वरची महाशीर (डोकं-हातांकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) दबली असणार. आणि मानेवर बोटांखाली पापड चुरल्यासारखं लागलं तर कातडीखाली हवा आहे. लगेच सीनियरला हाक मार.

हासळीच्या वरच्या गाठी मात्र पेशंटच्या मागे उभं राहूनच चाचप. माझी एक पुढून सुटली होती. अजून सलते.