चिकटलेली पानं आणि अर्धवट वह्या

प्रश्न : ताई, एका जुन्या कादंबरीच्या छापील पानांवरच चित्रं काढून तिची चित्रवही करायला घेतली आहे. ॲक्रिलिकनं रंगवलेली पानं मी दोन-दोन दिवस वाळवते, तरी वही मिटून ठेवली की समोरासमोरची पानं चिकटतात आणि उघडताना रंगासकट कागद सोलून निघतो. शिवाय पानांना लाटा आल्या आहेत, वही नीट मिटतही नाही. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : वाळवण्यात तुमचं काहीच चुकत नाहीये. ॲक्रिलिक ही प्लास्टिकच्या जातीची वस्तू. त्यातलं पाणी उडून गेलं की रंग हाताला कोरडा लागतो, पण उबेनं आणि दाबानं तो पुन्हा मऊ पडतो. असे दोन थर समोरासमोर आले आणि वर पुस्तकाचं वजन पडलं, की ते एकमेकांना धरून बसतात. माझ्या पहिल्या वहीत मी एक कावळा रंगवला होता, चार संध्याकाळी खपून. समोरच्या पानावर नुसतं निळं आभाळ. आठवड्यानं वही उघडली तेव्हा चर्रर्र आवाज झाला आणि कावळ्याची चोच पलीकडच्या आभाळात जाऊन बसली. इकडे चोचीच्या जागी कादंबरीतल्या दोन ओळी उघड्या पडल्या. खूप वाईट वाटलं होतं. त्यानंतर मेणकागद मधे घातल्याशिवाय मी रंगवलेली वही कधीही मिटलेली नाही. तुम्हीही तेवढं करा आणि वही आडवी न ठेवता उभी ठेवा. चकचकीत रंगापेक्षा मॅट रंग कमी चिकटतो, हेही रंग घेताना लक्षात असू द्या.

आता लाटांचं. कादंबरीचा कागद साधारण ६० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो, आणि जलरंगासाठी आपण ३०० जीएसएमचा कागद वापरतो. म्हणजे तुम्ही चौपट-पाचपट हलक्या कागदावर ओला रंग देताय. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर पूर्वीच्या जागी नेमके परत जात नाहीत. यावर उपाय रंगाच्या आधी करायचा असतो, नंतर नाही. सलग दोन-तीन पानं एकमेकांना चिकटवून एक जाड पान करा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद अगदी थोडा घ्या आणि जुन्या प्लास्टिक कार्डानं शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे ओढत न्या. गोंद पातळ करायला पाणी घालू नका, नाहीतर पुन्हा लाटा. दोन्ही बाजूंना मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

मग जेसो. जेसो म्हणजे खडूची भुकटी, पांढरं रंगद्रव्य आणि ॲक्रिलिकचा बांधक. त्यानं कागदाला थोडा खरखरीतपणा येतो आणि पाणी आत मुरत नाही. एक पातळ हात आडवा द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा उभा. एकाच बाजूला दिलात तर पान त्या बाजूला वळेल, म्हणून पाठपोट द्या.

इतके थर चढले की वही फुगणारच. त्यासाठी सुरुवातीलाच दर दोन-तीन पानांमागे एक पान काढून टाकायचं, पण शिवणीजवळ सेंटीमीटरभर पट्टी ठेवून. ही पट्टी विसरू नका. शिवलेल्या पुस्तकात एक पान मुळापासून कापलं की त्याच फर्म्यातलं, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या जुडग्यातलं, त्याच्या जोडीचं पान सुटतं, आणि ते नेमकं तुमचं सगळ्यात आवडतं पान निघतं. पुस्तक निवडताना वरच्या कडेकडून कण्याकडे बघा. दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे जुडगे दिसले आणि एखादा जुडगा मधोमध उघडल्यावर दोरा दिसला, तर ते घ्या. नुसतं गोंदानं चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडून उघडून पानं सोडतं. गुळगुळीत, चकचकीत कागदाचं पुस्तकही नको, त्यावर पाण्याचे रंग धरत नाहीत.

प्रश्न : तीन वर्षांत पेन्सिल, जलरंग, शाई, कोलाज, सगळं करून पाहिलं. पाच वह्या अर्धवट पडल्या आहेत. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर. धरू का?

उत्तर : माझं मत विचाराल तर माध्यम धरू नका, वस्तू धरा. चार माध्यमं आणि दर वेळी नवा विषय, असं झालं की चित्र फसलं तेव्हा ते रंगामुळे की बघण्यामुळे, हे कळायला मार्गच राहत नाही. मी एकदा वर्षभर फक्त कात्री काढली. तीच, टेबलावरची, काळ्या मुठीची. पेन्सिलनं काढताना कळलं की दोन पाती जिथे एकमेकांवरून जातात तिथला स्क्रू आपण अंदाजानं मधोमध काढतो, माझ्या कात्रीत तो मुठीकडे सरकलेला होता. जलरंगात पात्याची चकाकी काही केल्या जमेना, कारण मी ती शेवटी पांढऱ्या रंगानं काढायला जात होते. जलरंगातला पांढरा म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो. आणि कोलाज करताना त्याच कात्रीनं वर्तमानपत्रातून कात्री कापली तेव्हा मुठीतल्या दोन भोकांचे आकार वेगळे आहेत, हे पहिल्यांदा दिसलं. एक अंगठ्यासाठी गोल, दुसरं बोटांसाठी लांबट. आठ महिने बघत होते, पण ते भोक कापून काढेपर्यंत दिसलं नव्हतं!

टॉम फिलिप्स या ब्रिटिश चित्रकारानं १९६६ साली व्हिक्टोरियन काळातली एक विसरली गेलेली कादंबरी घेतली आणि तिचं पानन् पान रंगवलं, झाकलं, मधले काही शब्द तेवढे उघडे ठेवले. पुढची जवळजवळ ५० वर्षं तो त्याच पुस्तकाकडे परत येत राहिला, आधी केलेली पानं नव्यानं करत राहिला. तेव्हा पाच अर्धवट वह्यांचं ओझं वाटून घेऊ नका. त्यातली सगळ्यात जुनी उघडा, फसलेलं एक पान निवडा, त्यावर पातळसा जेसो द्या. खालचं चित्र पुसट दिसत राहू दे. त्यावर तुमची वस्तू काढा.

एक मात्र सांभाळा. जेसोवर जलरंग कागदासारखा मुरत नाही, वर तरंगतो आणि दुसऱ्या ओल्या कुंचल्यानं निघून येतो. तिथे शाई किंवा ॲक्रिलिक बरं.

प्रश्न : मार्करनं काढलेलं जुनं चित्र पांढऱ्या जेसोनं झाकलं, तर जांभळट डाग परत वर येतो. दोन हात दिले, तरी तेच.

उत्तर : दहा हात दिलेत तरी येईल. त्या मार्करची शाई पाण्यात विरघळणारी आहे, आणि जेसोत पाणी असतंच. प्रत्येक हाताबरोबर ती विरघळून वर चढते. त्या जागी कागदाचा तुकडा चिकटवून टाका आणि त्यावर रंगवा. तुकडा हातानं फाडलेला घ्या, कापलेल्या कडेची रेघ रंगाखालून दिसत राहते.