जपानला जाताय? दाताच्या दवाखान्यापुरती जपानी आधी पाठ करा

नमस्कार. मार्चमध्ये नागोयाला नोकरीवर रुजू व्हायचंय, जपानी एन ५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यांत सोपी पायरी) पर्यंत झालीय, उजवीकडची खालची दाढ अधूनमधून त्रास देते, तर तिथे दातांच्या डॉक्टरकडे भाषेवाचून अडेल का, असं तुम्ही विचारलंय. अडणार नाही. फक्त एन ५ च्या पुस्तकातलं तिथे फारसं कामाला येत नाही, वेगळं थोडं शिकावं लागतं.

खुर्चीत बसलं की तोंड उघडं, म्हणजे बोलणं बंद. बऱ्याच दवाखान्यांत डोळ्यांवर छोटा टॉवेल टाकतात, त्यामुळे डॉक्टरांचे हातवारेही दिसत नाहीत. उरतात फक्त कान. म्हणून जपानला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: बोलायची वाक्यं थोडी आणि ऐकायची जास्त पाठ करा, आणि जे सांगायचंय ते खुर्ची आडवी व्हायच्या आत सांगून मोकळे व्हा.

आधी ऐकायचं बघू. "इसु ओ ताओशिमास" म्हणजे खुर्ची मागे जाणार. "ओकुची ओ आकेते कुदासाइ", किंवा नुसतं "आअन", म्हणजे आ करा. "चिकुत्तो शिमास" ऐकलंत की सुई टोचणार, हलू नका. "युसुइदे कुदासाइ" म्हणजे चूळ भरा. "राकु नि शिते" म्हणजे अंग सैल सोडा. सिमेंट भरून झालं किंवा कॅप बसवली की दातांमध्ये रंगीत कागद ठेवून म्हणतात "कान्दे कुदासाइ", म्हणजे चावा. मग "काचिकाचि", म्हणजे दातावर दात आपटा, आणि "गिरिगिरि", म्हणजे दात डावी-उजवीकडे घासा. "ताकाइ" म्हणजे उंच. घास चावताना तिथेच आधी टेकतंय असं वाटलं तर त्याच वेळी "मादा ताकाइ देस" (अजून उंच आहे) म्हणा. लाजून गप्प बसलात तर जेवताना रोज टोचत राहील आणि पुन्हा जावं लागेल.

सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य: "इताकात्तारा हिदारिते ओ आगेते कुदासाइ", दुखलं तर डावा हात वर करा. करा खुशाल, ते लगेच थांबतात.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. मध्येच विचारतात, "इताकु नाइ देस का?", म्हणजे दुखत नाही ना? आपण सवयीने "हाइ" म्हणतो, आणि इथे त्याचा अर्थ होतो "बरोबर, दुखत नाही". मशीन पुन्हा सुरू! दुखत असेल तर हो-नाहीच्या भानगडीत पडू नका, सरळ "इताइ देस" म्हणा. भूल चढली नसेल तर "मासुइ गा किइते इमासेन". मानही डोलवू नका, आपलं डोलावणं त्यांना कळत नाही.

आता सांगायचं. जागा सांगायला चार शब्द पुरतात: मिगि उजवी, हिदारि डावी, उए वर, शिता खाली. तुमची दाढ झाली "मिगि शिता नो ओकुबा". अक्कलदाढ असेल तर "ओयाशिराझु", समोरचा दात "माएबा". दुखणं कसं आहे हे सांगायला जपानी लोक ध्वनीचे शब्द वापरतात, आणि डॉक्टर त्यांवरूनच बराच अंदाज बांधतात. ठणका लागत असेल तर "झुकिझुकि शिमास" (यातला झ 'झोपे'तला). गार पाण्याने दात शिवशिवत असेल तर "त्सुमेताइ मोनो गा शिमिमास". दात हलत असेल तर "गुरागुरा शिमास". फक्त चावताना कळ येत असेल तर "कामु तो इताइ देस". हिरडी सुजली असेल तर "हागुकि गा हारेमाशिता", भरलेलं सिमेंट निघालं तर "त्सुमेमोनो गा तोरेमाशिता". "त्सु"ला घाबरू नका, तो 'चमच्या'तला च आहे, आपल्या जिभेला सहज जमतो.

फोनवर वेळ घ्यायची असेल तर "हाजिमेते नान देस गा, योयाकु ओ ओनेगाइ शिमास". दाढ आजच असह्य असेल तर "क्यो मिते मोराएमास का?".

पहिल्या दिवशी "मोन्शिनह्यो" नावाचा फॉर्म भरावा लागतो. आधी भुलीचा त्रास झालाय का, कोणती औषधं चालू आहेत, अॅलर्जी आहे का, बायकांसाठी गरोदरपण. सगळं कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत असतं. काही दवाखाने तो वेबसाइटवर ठेवतात, तिथला उतरवून घरीच भरा. त्यात एक प्रश्न असतो: फक्त दुखणारा दात बघायचा की सगळेच बिघडलेले? आणि उपचार विम्यात बसणारेच हवेत की बाहेरचेही चालतील? हे विचार करून भरा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कारण पैसे. कंपनीच्या आरोग्य विम्यात दातही येतात, आणि तुम्हाला ३० टक्के भरावे लागतील. म्हणून उपचार ठरायच्या आधी "होकेन गा किकिमास का?" हे विचाराच. उत्तरात "जिहि" ऐकू आलं की पूर्ण खर्च तुमचा. इम्प्लांट आणि मोठ्यांच्या तारा बहुतेक त्यातच येतात. विम्याचं जुनं कार्ड २ डिसेंबर २०२४ पासून नव्याने देत नाहीत. माय नंबर कार्डच (तिथलं सरकारी ओळखपत्र) विम्याला जोडून घ्या, ते मिळेपर्यंत "शिकाकु काकुनिन्शो" हा कागद चालतो.

रूट कॅनालला "ने नो चिर्यो" म्हणतात. "शिंकेइ ओ तोरिमास" म्हणाले तर नस काढणार, म्हणजे तेच. आपल्याकडे एक-दोन बैठकांत उरकतं, इथे विम्यातून केलं की आठवड्याला एक अशा कित्येक बैठका होतात. रुजू झाल्या झाल्या तेवढ्या सुट्ट्या मागणं अवघड जातं, म्हणून तुम्ही जपानला निघायच्या आधीच ती दाढ दाखवा, काम असेल तर पूर्ण करून घ्या आणि एक्स-रे फोनमध्ये ठेवा.

औषधाची चिठ्ठी मिळाली तर ती लिहिल्याचा दिवस धरून चारच दिवस चालते. त्याच दिवशी औषधाच्या दुकानात द्या. "इतामिदोमे" म्हणजे दुखण्याची गोळी, ती दुखलं तरच घ्यायची. "कोसेइबुश्शित्सु" म्हणजे अँटिबायोटिक, ते मात्र सांगितलंय तितके दिवस पूर्ण घ्या.