टेकडीवरच्या जंगलासाठी माणसं जोडताना

अगं, तुझा मेसेज मिळाला. ५ जूनला टेकडीवर झाडं लावायची, बॅनर-टीशर्ट सगळं ठरलंय म्हणतेस. उत्साह बघून बरं वाटलं, पण रोपं आणायच्या आधी माणसांकडे जा. म्हणजे कुणाकडे, तर जे आत्ताही रोज त्या रानात जातात त्यांच्याकडे, मोळीला जाणाऱ्या बायका, शेळ्यावाले, गवत कापणारे, आणि वॉकला येणारे काका-काकू पण. पाणी कुठे टिकतं, वणवा कुठल्या बाजूने चढतो, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि आपण त्यांना बोलावतो कधी तर खड्डे खणायला. ठरवायला बोलव ना!

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव बघ. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते बांबू स्वतः विकायला लागले. हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक अभ्यासगटात बसून बोलत होते आणि ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेत होते, हे फार कुणी सांगत नाही. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

तुझी टेकडी वनखात्याची असेल तर वनरक्षकाला आधी भेट, परवानगीशिवाय कुदळ लावू नकोस. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे गावकरी आणि वनखातं मिळून जंगल सांभाळायची समिती, आहे का तेही विचार, कधीकधी ती नुसती कागदावर असते पण असते.

आणि खरं सांगू, झाडं लावण्यापेक्षा वणवा थांबवणं जास्त गरजेचं आहे. फेब्रुवारी ते मे रान पेटतं आणि दोन-तीन वर्षं जगवलेली रोपं एका दुपारी जातात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, त्याआधीच, डिसेंबर-जानेवारीत काढायला हवी. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं असं खूप जण मानतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, चाऱ्याची अडचण काय आहे ते विचार. खात्याकडून गवत कापून न्यायची परवानगी मिळवून दिलीस तर जाळायला फारसं उरणारच नाही, आणि ज्याचा चारा तिथून येतो तो माणूस धूर दिसला की सगळ्यात आधी पळत जाईल.

अजून एक, मोकळा गवताळ माळ दिसला की तिथे झाडं लावायचीच असं करू नकोस, तो ओसाड नसतो, ससे, तितर, माळटिटवी तिथेच राहतात. लावायचीच तर पळस, पांगारा, धावडा अशी तिथलीच, आणि पाऊस नीट सुरू झाल्यावर, ५ जूनला आपल्याकडे जमीन पुरती भिजलेलीही नसते गं.

बॅनरचं राहू दे सध्या. पहिली बैठक पारावर घे, बायकांना जमेल त्या वेळेला, आणि तू कमी बोल. कोण काय म्हणालं ते लिहून मला पाठव, मग जाळरेषेचं बघू.

तुझा,
काका