आधी फोटो उलटा कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. रडणाऱ्या जर्मन पोराचा फोटो तू रंगवून टाकलास, खाली 'स्टॅलिनग्राड, १९४३' लिहिलंस आणि दोन दिवसांत तिथे कुरुक्षेत्र झालं. निम्मे म्हणतात, नाझीची कसली दया. निम्मे म्हणतात, पोरगंच आहे ते. आणि तू मला विचारतेस, "सर, मला त्याची दया आली हे चुकलं का? पोस्ट उडवू का?"

दया आली तर येऊ दे. सोळा वर्षांचं पोर रडतंय आणि बघणाऱ्याच्या आत काहीच हललं नाही, तर मी त्या माणसाची काळजी करीन. ते तुझं तू बघ. मला एवढंच सांग, की फोटो उलटा करून बघितलास का?

आमच्या वेळी फोटो म्हणजे कागद. पाठीवर टाइप केलेली चिठ्ठी डकवलेली असायची, शिक्का असायचा, पेन्सिलीने तारीख. महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या फोटोग्राफरांना रिळाबरोबर एक कागद भरून द्यावा लागे, त्याला डोप शीट म्हणत: कुठे, कधी, कोण दिसतंय. तू म्हणशील, फोनवरच्या फोटोला कुठली पाठ? असते गं. ती शोधायला रंग भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून कुणी शोधत नाही.

तुझ्या त्या मुलाचं नाव हान्स-गेऑर्ग हेंके. विमानविरोधी तोफांच्या तुकडीतला, आईबाप आधीच गेलेले. फोटो १९४५ मधला, 'लाइफ' साप्ताहिकाच्या जॉन फ्लोरियाने काढलेला. स्टॅलिनग्राडला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती! फ्लोरियाच्या म्हणण्याप्रमाणे जागा हेसे प्रांतातलं रेश्टेनबाख, पकडणारे अमेरिकन. हेंके पुढे पूर्व जर्मनीत राहिला, आणि त्याचं म्हणणं, हे उत्तरेला रोस्टॉकच्या बाजूला झालं. ज्याचा फोटो तो एक सांगतो, ज्याने काढला तो दुसरं. मग काय करायचं? दोन्ही लिहायचं. ओळ लांबते? लांबू दे.

खरं स्टॅलिनग्राड हवं असेल तर ते वेगळं दिसतं. बर्फातून सरकणारी काळी रांग, डोक्याला चिंध्या आणि घोंगड्या गुंडाळलेल्या. ३१ जानेवारी १९४३ ला तिथल्या जर्मन फौजेचा सेनापती पाउलुस सोव्हिएतांच्या हाती लागला. आदल्याच दिवशी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं होतं, फील्ड मार्शल जिवंत सापडत नाही या हिशेबाने. २ फेब्रुवारीला उरलेले शरण आले. सुमारे ९१,००० कैदी, त्यातले घरी परतले पाच-सहा हजार, शेवटचे १९५५ मध्ये. हे वाचून तुझी दया वाढेल. मग त्याच्या शेजारी हेही लिही, की जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, कितीतरी नुसत्या उपासमारीने. तुझ्या कॉमेंटवाल्या दोन्ही टोळ्यांना यातला एकेकच आकडा आवडेल.

फोटो कुठे कापला यावरही पुष्कळ असतं. १७ जुलै १९४४ ला मॉस्कोच्या रस्त्यांवरून सुमारे ५७,००० जर्मन कैद्यांना चालवत नेलं. बेलारूसमध्ये त्यांच्या आर्मी ग्रुप सेंटरचा, म्हणजे मधल्या आघाडीवरच्या मोठ्या फौजेचा, चुराडा झालाय हे जगाला दाखवायचं होतं. पुढे जनरल, मागे दाढी वाढलेले हजारो शिपाई आणि सगळ्यांत शेवटी रस्ता धुणाऱ्या पाण्याच्या गाड्या. नुसते जनरल ठेव, संचलन वाटेल. गाड्या ठेव, धिंड वाटेल. १९२९ च्या जिनिव्हा कराराने कैद्यांना अपमानापासून आणि बघ्यांच्या कुतूहलापासून जपायला सांगितलं होतं; सोव्हिएत संघाने त्या करारावर सही केलेली नव्हती. हे फोटोत कुठून दिसणार?

कापण्यावरून आठवलं. खरं तर आठवलं कसलं, तेच सांगायला हे पत्र लिहितोय.

१९८५ चा मे. युरोपातलं युद्ध संपल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून रविवारचं पान. मी एका दैनिकात उपसंपादक, सत्तावीस वर्षांचा, स्वतःला फार समजतं असं वाटण्याच्या वयाचा. लायब्ररीतल्या पाकिटात इटलीतला एक प्रिंट सापडला: आठ जर्मन कैदी, हात डोक्यावर, बुटांना चिखल. डाव्या कडेला पहाऱ्यावरचा जवान. जागा दोन कॉलम. मी लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि जवान उडवला. खाली ओळ दिली, 'ब्रिटिश सैनिकांनी पकडलेले जर्मन'. पाठ बघितलीच नाही.

मंगळवारी एक निवृत्त सुभेदार आले. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. आरडाओरडा नाही. टेबलावर पान पसरलं आणि फोटोच्या डाव्या कडेवर अंगठ्याचं नख ठेवलं. जवान मी कापला होता, पण त्याचं कोपर राहिलं होतं. दुमडलेली बाही, खाली बंदुकीच्या दस्त्याचा तुकडा.

"साहेब, हे कोपर कुणाचं?"

प्रिंट मागवला, उलटा केला. चिठ्ठीवर होतं: आठवी इंडियन डिव्हिजन, पहाऱ्यावर भारतीय शिपाई. सांग्रो नदीपासून सेनियोपर्यंत इटली तुडवलेली डिव्हिजन ती. मराठ्यांची पहिली बटालियन तिच्यातच होती. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमधून, सेनियोच्या काठी. कोपर मराठ्याचं होतं असं चिठ्ठीत नव्हतं, आणि मीही आता ते चिकटवणार नाही. सुभेदारांनी चिठ्ठी वाचून घेतली, चहा घेतला, पानाची घडी खिशात घातली आणि गेले. दुरुस्ती छापू का, म्हणून वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, कोपरासाठी कोण दुरुस्ती छापतं? मी गप्प बसलो.

आता बाजू मांडायची तर, शनिवारी रात्रीचे साडेअकरा झाले होते. पान सोडायचं होतं. दोन कॉलममध्ये नऊ माणसं बसत नाहीत, आणि सगळेच कापायचे. यातलं एकही खोटं नाही. चाळीस वर्षं मी हेच स्वतःला सांगत आलोय, आज तुलाही सांगून टाकलं. पण त्यानंतर पाठ वाचल्याशिवाय एक फोटो सोडला नाही. पानं अडवली, शिव्या खाल्ल्या, 'उलट्या' असं नाव पडलं. बढती दोनदा हुकली. दुसऱ्यांदा तरी ती याच हट्टापायी हुकली असं मी मानतो, आमची ही मानत नाही.

मागे एकदा तू म्हणाली होतीस, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं. १९४५ च्या वसंतात ऱ्हाईनकाठी, रेमागेन आणि झिंझिगच्या शेतांत अमेरिकनांनी काटेरी तारा ठोकून जर्मन सैनिक बसवले. फोटोत नजर जाईल तिथवर माणसं, डोक्यावर छप्पर नाही, झोपायला हातांनी उकरलेले खड्डे. तू खाली बेधडक 'युद्धकैदी' लिहिशील. पण कागदोपत्री त्यातल्या पुष्कळांना मुद्दाम तसं म्हटलं नव्हतं. 'निःशस्त्र केलेलं शत्रुसैन्य' असा नवा शब्द काढला होता, कारण युद्धकैदी म्हटलं की जिनिव्हा करारातलं रेशन द्यावं लागतं. बिघडतं ते हे!

रंग भरू नकोस असं म्हणत नाही. (म्हणतोच आहे, पण तू ऐकणार नाहीस.) त्या पोराच्या कोटाचा रंग तुला ॲपने सांगितला. ॲपला कुणी सांगितला? निदान आपण रंगवलंय एवढं तरी लिही, आणि मूळ काळा-पांढरा शेजारी ठेव. न कापता.

पोस्ट उडवू नकोस. उडवणं म्हणजे माझी लाल रेघ. 'स्टॅलिनग्राड' खोड, पण खोडलेलं दिसू दे. फ्लोरियाचं नाव घाल, दोन्ही जागा घाल, चूक माझी होती असं लिही. भांडणारे भांडतील.

रविवारी येशील तेव्हा ते कात्रण दाखवीन, अंकातून काढून ठेवलंय. पिवळं पडलंय, पण कोपर दिसतं. हातात घेतल्यावर तू ते उलटं करशीलच, म्हणून आधीच सांगतो: पाठीमागे पंख्यांची जाहिरात आहे. मे महिना होता ना.

तुझा,
सर