कोकणची हवा आणि विद्यापीठातले आकडे : वाचकांचे ऊर्जाविषयक प्रश्न

ऊर्जेची बचत आणि अक्षय साधनांचा टिकाऊ वापर यांवर विद्यापीठांत होणाऱ्या संशोधनाचा किनाऱ्यावरच्या घराला, बागेला आणि कारखान्याला नेमका काय उपयोग, असे विचारणारी पत्रे या खेपेला पुष्कळ आली. त्यांपैकी निवडक प्रश्न थोडक्यात करून येथे दिले आहेत.

प्रश्न : आमचा महिला बचत गट दरवर्षी आमसुले करतो. सौर वाळवणी यंत्रात ती उघड्या उन्हापेक्षा निम्म्या वेळात वाळतात, असे एका माहितीपत्रकात वाचून शेजारच्या गटाने यंत्र घेतले. मे महिन्यात त्यांना लाभ झाला, पण जूनच्या आरंभी केलेल्या मालाला बुरशी आली. मग तो आकडा खोटा समजायचा का? — एक वाचिका, कुडाळ तालुका

उत्तर : आकडा बहुधा खरा असेल, मात्र तो कोणत्या महिन्यात, किती आर्द्रतेत आणि यंत्रात किती माल भरून मोजला, हे माहितीपत्रकात यायचे राहून गेले असेल. संशोधन प्रबंधात ही माहिती आकड्याच्या शेजारीच दिलेली असते. प्रबंधातून माहितीपत्रकात येताना नेमकी तीच गळते, आणि कोकणात तिच्यावाचून त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे हवा ३२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असते असे धरू. हीच हवा यंत्रात ५० अंशांपर्यंत तापली, की तिच्यातली वाफ तितकीच राहते, पण वाफ सामावून घेण्याची तिची क्षमता अडीच पटींहून अधिक वाढते आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे २७ टक्क्यांवर उतरते. सौर वाळवणीचा सारा लाभ या एका गोष्टीत आहे. आता जूनमधला ढगाळ दिवस घ्या. बाहेरची हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल आणि यंत्र ती हवा जेमतेम ३५ अंशांपर्यंत तापवू शकत असेल, तर आतली आर्द्रता ५७ टक्क्यांच्या खाली जात नाही. माल वाळतो, पण इतका सावकाश की बुरशीला त्याआधीच सवड मिळते.

आमसुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सालींना मिठाच्या रसाचे पुट दिलेले असते आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढू लागते. त्यामुळे दिवसभर वाळलेला माल रात्री झरोके उघडे राहिले तर पुन्हा ओलावतो. संध्याकाळी ऊन उतरताच हवेचे मार्ग बंद करणे, किंवा माल काढून घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवणे, यासाठी एक पैसाही लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

माल किती भरावा, याचाही हिशेब करता येतो. दहा किलो ताज्या सालींतून सुमारे आठ किलो पाणी काढावे लागते आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६५ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. म्हणजे सव्वापाच युनिट झाले. मे महिन्यात एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे सहा युनिट ऊन पडते, आणि साध्या यंत्रात त्याचा चौथा ते तिसरा हिस्साच वाळवणीच्या कामी येतो. तेव्हा दहा किलो सालींसाठी तीन चौरस मीटरांवरचे एक पूर्ण दिवसाचे ऊन हवे, आणि प्रत्येक पुटाबरोबर येणारे पाणी त्याखेरीज. मोठ्या हौसेने यंत्र गच्च भरले जाते आणि मग दोष यंत्राला दिला जातो. तापमान मात्र ६० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण कोकमाचा लाल रंग उष्णतेने उतरतो.

जूनच्या मालासाठी दोन मार्ग आहेत. सौर यंत्राला लाकडाच्या किंवा करवंटीच्या भट्टीची जोड द्यावी, हा एक. दुसरा मला अधिक पटतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात पावसाआधी काढणीला येते. फळ मेच्या उन्हात हाती आले, तर जूनमध्ये लाकूड जाळण्याची वेळच येत नाही. बियांपासून वाढवलेल्या कोकमात निम्मी झाडे नर निघतात, म्हणून कलमेच लावावीत. फळझाडांवरचे हे काम ऊर्जेच्या संशोधनात कोणी मोजत नाही, पण माझ्या मते ते तिथेच मोजायला हवे.

प्रश्न : आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बॉयलरमध्ये काजूची टरफलेच जाळतो, त्यामुळे इंधनाचा खर्च नाही. धुरामुळे मात्र शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. चिमणी उंच करावी का? — एक कारखानदार, वेंगुर्ले

उत्तर : चिमणी उंच केल्याने धूर दूर जाईल, कमी होणार नाही. टरफलात जे तेल असते, त्याची वाफ पूर्ण न जळता बाहेर पडते आणि तोच डोळ्यांना झोंबणारा काळा धूर. भट्टीचे दार उघडून एकदम घमेलेभर टरफले टाकली, की तेल एकाच वेळी उकळून बाहेर येते आणि तेवढ्या वाफेला पुरेल इतकी हवा आत नसते. थोडी थोडी टरफले वारंवार टाकणे आणि ज्वालेच्या वरच्या भागात वेगळी, शक्यतो तापलेली हवा सोडणे, हे पहिले उपाय. तेल आधी घाणीवर काढून उरलेली पेंड जाळणे हा त्याहून चांगला उपाय आहे. हे तेल ब्रेकच्या अस्तरांसाठी, रंगांसाठी आणि राळेसाठी विकत घेतले जाते. जी वस्तू विकता येते ती धुरात घालवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

‘इंधनाचा खर्च नाही’ या आपल्या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते. इंधन फुकट असले, की बॉयलरवरचे वेष्टन फाटले तरी कोणी पाहत नाही आणि वाफेचा नळ उघडाच राहतो. शंभर अंशांच्या वर तापलेला एक चौरस मीटर उघडा पत्रा सुमारे ९०० वॉट उष्णता हवेत सोडतो, म्हणजे आठ तासांच्या पाळीत सात युनिटांहून अधिक. तेवढ्यासाठी टरफले जास्त जळतात, धूर जास्त होतो आणि भट्टीजवळ काम करणाऱ्या बायकांना उकाडा सोसावा लागतो. काचलोकरीचे वेष्टन करून वर पत्रा चढवावा. चिमणीतून जाणाऱ्या धुराची उष्णता बोर्म्यासाठी, म्हणजे काजूगर वाळवण्याच्या कपाटासाठी, वापरता येते; गर वाळवण्यास ६० ते ७० अंश पुरेसे असतात. मात्र धूर आणि गरांवरून जाणारी हवा यांच्यामध्ये धातूची भिंत हवी, नाहीतर गरांना धुराचा वास लागेल.

प्रश्न : समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे स्लॅबचे घर आहे. छतावर तीन किलोवॉटचा सौर संच बसवावा असे मनात आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वादळे पाहता हा खर्च वसूल होईल का? — एक वाचक, मुरूड-जंजिरा

उत्तर : आपल्या भागात एक किलोवॉटचा संच वर्षाला साधारण १,३०० युनिट वीज देतो, म्हणजे तीन किलोवॉटचा सुमारे ३,९००. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन मेच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. नेट मीटरमुळे (दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकांतून वजा करणारे मीटर) एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटे त्याच आर्थिक वर्षातल्या पावसाळी बिलांत वळती होतात, म्हणून घरगुती ग्राहकाला या घटीची झळ पुष्कळ कमी बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ या केंद्र सरकारच्या छतावरील सौरविजेच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. तेव्हा खर्च वसूल होतो. मात्र संच टिकला पाहिजे.

पॅनेल सहसा खाऱ्या हवेने आधी खराब होत नाही. आधी गंजते ती चौकट, नटबोल्ट आणि तारांचे जोड. खाऱ्या धुक्याच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक ६१७०१ या क्रमांकाचे आहे. पॅनेल त्यात उतरल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला असावा, आणि तो जागेवर आणून कापला वा भोके पाडली तर उघड्या पडलेल्या लोखंडावर जस्ताचा लेप त्याच दिवशी द्यावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साध्या लोखंडी बोल्टने आवळले, की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि जोड खाल्ला जातो.

वादळाचा हिशेबही मांडू. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो होतो. दोन चौरस मीटरांच्या एका पॅनेलवर तो १३० किलोंच्या पुढे जातो, आणि तोही बहुतेक वर उचलणारा. नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला उंच सांगाडा त्यापुढे टिकणे अवघड. पॅनेल छताच्या जवळ, कमी उताराची आणि स्लॅबमध्ये रसायनाने बसवलेल्या खिळबोल्टांवर असावीत. पाणी झिरपू नये म्हणून त्या जागा नीट मुजवून घ्याव्यात. खालून वारा खेळेल इतकी फट मात्र सोडावी, कारण पॅनेल एक अंशाने तापले, की उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते आणि मेच्या दुपारी ती ६० अंशांच्याही वर तापतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३०. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. चार पंखे बदलले की साडेसहाशेच्या आसपास. अर्ध्या किलोवॉटचा संच वर्षभरात तेवढीच वीज तयार करतो, आणि पंख्यांना गंजाची, वादळाची भीती नाही. पंखे आधी बदला आणि मग संचाचा आकार ठरवा.

प्रश्न : देवगडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पवनचक्क्या आहेत, मग आमच्या गच्चीवर लहानशी पवनचक्की का चालू नये? — एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. दोन मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला चार मीटर वेगाचा वारा आला, तर हाती ३५ ते ४० वॉट वीज लागते. वेग आठ मीटर झाला, तर त्याच्या आठपट. सड्यावर उंच मनोऱ्याला मिळणारा मोकळा वारा माडांच्या आणि घरांच्या मध्ये असलेल्या गच्चीला मिळत नाही. जो मिळतो तो भोवऱ्यांचा असतो. महाविद्यालयात प्रकल्प करायचा असेल, तर वर्षभर वाऱ्याचा वेग नोंदवण्याचा करावा. चक्की विकत घेण्याची घाई नको.

प्रश्न : खानावळीसाठी लाकूड टनावर विकत घेतो. पावसाळ्यात तेवढ्याच स्वयंपाकाला जवळजवळ दुप्पट लाकूड लागते. असे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : कारण आपण पाणीही तोलून विकत घेता. निम्मे वजन पाण्याचे असलेल्या एका किलो लाकडातून सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता मिळते, पाणी २० टक्क्यांवर आणलेल्या एका किलोतून सुमारे १४. ओले लाकूड वाळवून जाळल्याने त्याच ओंडक्यातली उष्णता फार तर दहा टक्क्यांनी वाढते, तेव्हा खरी बचत मार्च-एप्रिलमध्येच वाळलेले लाकूड तोलून घेण्यात आहे. आगोटीपूर्वी ते फोडून, चिरफळ्या करून पडवीत वारा लागेल असे रचावे. धूर कमी होईल हा वरचा लाभ.

प्रश्न : भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणे (वाफ्यावर शेण-पाला पसरून जाळणे) सोडा, असे कृषी सहायक सांगतात. वाडवडील काही वेडे नव्हते. राबाशिवाय रोप जोमाने येईल का? — एक शेतकरी, मंडणगड तालुका

उत्तर : वाडवडील वेडे नव्हते हे अगदी खरे आहे, आणि इंग्रज अमदानीत फोल्कर या कृषिरसायनतज्ज्ञांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली, ती उगीच नव्हे. भाजल्याने तणाचे बी मरते, मातीतला काही नत्र रोपांना लगेच घेता येईल अशा रूपात मोकळा होतो आणि राख मिळते. या तीन कामांसाठी आपण शेण, पाला आणि ऐन-किंजळ या रानझाडांचे टाहाळ (पानांसकट डहाळ्या) जाळतो. शेणातला बहुतेक नत्र हवेत जातो आणि दरवर्षी छाटलेले झाड खुरटते. रानात झाडे मुबलक आणि माणसे थोडी होती तेव्हा हा व्यवहार परवडत होता. आता टाहाळासाठी किती दूर जावे लागते, ते आपणच जाणता.

राबाची कामे वेगवेगळ्या मार्गांनी करता येतात. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ आणि चिवट होते. दुसऱ्या सूत्रात गिरिपुष्पाचा पाला चिखलणीआधी शेतात घालतात. गिरिपुष्प बांधावर लावता येते आणि छाटले तरी पुन्हा फुटते, म्हणून ऐन-किंजळावरचा भार उतरतो. तण उरतेच, त्यासाठी वाफा पेरणीआधी एकदा भिजवून, उगवलेले तण काढून मग भात पेरावा. एकदम सगळे सोडू नये. यंदा अर्धे वाफे राबाचे, अर्धे राखेचे करावेत आणि दोन्हींतली रोपे लावणीच्या दिवशी उपटून शेजारी शेजारी ठेवावीत. राख पांढरी झाली असेल तर ती घेऊ नये, कारण फार तापलेल्या राखेतला सिलिका पिकाला सहज घेता येत नाही. तूस धुमसत ठेवून काळी राख करावी, आणि ती गिरणीवाल्याकडून नेहमी मिळू शकते.